पाटी येण्याआधी

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात आखडणार नाही. मी एका माणसाला त्याच्याच वस्तीत, त्याच्याच माणसांसमोर खोटं पाडलं. पाडताना माझा एकही शब्द चुकलेला नव्हता. त्यानंतर कितीतरी वर्षं मी ह्याच एका गोष्टीवर स्वतःची समजूत घालत आलो, आणि ती कधीच पटली नाही.

ते माझे घरमालक, मी त्यांना काका म्हणायचो. अंबरनाथला त्यांचं बैठं घर होतं आणि वर पत्र्याची एक खोली काढलेली होती. ती बघायला गेलो तेव्हा त्यांनी ना माझं गाव विचारलं, ना आडनाव. खोलीच्या मधोमध उभे राहिले, एक टाळी वाजवली आणि मान तिरकी करून ऐकत राहिले.

"घुमते," म्हणाले. "सामान आणलंस की थांबेल. पंख्याची घरघर मात्र राहील, त्याला माझ्याकडे इलाज नाही."

नव्या जागेत शिरल्यावर एक टाळी, ही त्यांची सवय होती. दवाखाना असो, बँक असो, लग्नाचा हॉल असो. एकदा गल्लीत कुणी वारलं होतं. भेटायला गेलो तर उंबरठ्यावरच काकांचे दोन्ही हात वर येताना मी पाहिले. काकूंनी मागून त्यांचं मनगट धरलं ते निघेपर्यंत सोडलं नाही. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "लाज वाटते का काही?" काका म्हणाले, "अगं, स्लॅब किती खाली आहे त्यांचा. रडणं नुसतं आदळत होतं. तुला ऐकू आलं नाही?"

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये त्यांचं लाऊडस्पीकर आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन दुकानांमधली फट. अँप्लिफायरला ते मशीन म्हणत. शेजारच्या सिंधी शेठच्या संगतीत अर्धं आयुष्य गेल्यामुळे काका सगळ्यांनाच 'साईं' म्हणायचे. मला, दूधवाल्याला, आणि रागावले की काकूंनासुद्धा. माणसं ते आवाजावरून ओळखत आणि त्यावर बिनधास्त बोलत. मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "तुझा आवाज नाकातून निघतो, साईं. लग्न झालं की भांडताना खिडकी लावून घे. लांब जातो."

तरुणपणी ते भीमगीतांच्या एका गायन पार्टीबरोबर हिंडले होते. जयंतीला, विहाराच्या उद्घाटनाला, कुणाच्या लग्नाला पार्टी गाणार आणि काका स्टेजच्या बाजूला, खाली, मशीनजवळ बसणार. त्या दिवसांबद्दल ते फार बोलत नसत. विचारलं तर म्हणायचे, "मी कुठे गायलो? मी नुसता आवाज पोचवायचो." त्या काळातून त्यांनी दोन नियम मात्र सोबत आणले होते. एक, चालू माईक कधी कुणाच्या हातात देऊ नये. दुसरा ते इतक्यांदा सांगायचे की गल्लीला पाठ होता: "आवाज वाढवला की खरखर पण वाढते. दोघांना वेगळं करणारं मशीन अजून निघालेलं नाही."

माझं काम पिक्चरच्या खाली येणाऱ्या ओळी लिहिण्याचं. इंग्रजी पिक्चर बघायचा आणि संवाद मराठीत, कधी हिंदीत, दोन ओळींत बसवायचे. अंधेरीच्या एका ऑफिसात आम्ही असे बरेच जण होतो. आमचं नाव कुठेही येत नसे. एका रविवारी मी घरी लॅपटॉपवर एका अमेरिकन गायकाच्या आयुष्यावरचा पिक्चर लावून काम करत होतो आणि काका पाण्याच्या मोटरबद्दल काहीतरी सांगायला वर आले. दारातच थबकले.

"थांब, थांब. मागे घे. तो माईक बघितलास?"

मी मागे घेतलं. स्टुडिओत एक पोरगा गिटार घेऊन उभा होता आणि त्याच्यासमोर चपटा, जाळीदार माईक लटकत होता. काका खाली बसले. मोटर राहिली. संपेपर्यंत हलले नाहीत.

मग मला नादच लागला त्यांना असे पिक्चर आणून देण्याचा. अमेरिकेत मोठा गायक झाला की त्याच्यावर पिक्चर निघतोच, त्यामुळे तोटा नव्हता. गोष्ट बहुधा एकाच वळणाची. गरीब घर, कष्टाळू आई, तापट बाप, लहानपणी एखादा भाऊ जातो, मग रेडिओ, मग गर्दी, मग गोळ्या आणि दारू, बायको निघून जाते, आणि शेवटी पुन्हा एकदा स्टेज. काकांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण तिसऱ्या-चौथ्या पिक्चरला त्यांनी विचारलं, "ह्या सगळ्यांची आई एकच बाई आहे काय रे?"

त्यांचं लक्ष मात्र भलतीकडेच असे. अशा प्रत्येक पिक्चरमध्ये रेकॉर्डिंगच्या वेळी काचेपलीकडे एक माणूस बसलेला असतो. कानाला हेडफोन, समोर बटणं. दोन-तीनदा दिसतो, मान हलवतो, बस. काका त्याला बघितलं की खवळायचे. "हा बघा गाढव! हा बघा कसा बसलाय आरामात!" मी म्हणायचो, काका, त्याने काय केलं? ते म्हणायचे, "तेच तर. काही करत नाही तो."

दुसरी गोष्ट पाटीची. ह्या पिक्चरच्या शेवटी पडदा काळा होतो आणि पांढऱ्या अक्षरांत येतं, अमुक गायक अमुक ठिकाणी असा असा वारला. काका ती पाटी कधी येऊ देत नसत. गायक शेवटच्या वेळी स्टेजवर आला, लोक उभे राहिले, की ह्यांचं बोट बटणावर. कॅम्प दोनचा शेठ त्यांना चिडवायचा, "क्या मास्टर, आज कौन मरा पिक्चर में?" काका म्हणायचे, "मेरे पिक्चर में कोई नहीं मरता, साईं."

आमच्या विहाराच्या हॉलमध्ये मुलांच्या अभ्यासासाठी प्रोजेक्टर घेतला होता. महिन्यातल्या एका रविवारी वंदना झाली की संध्याकाळी काका तिथे हे पिक्चर लावू लागले. बोलणं चाललं असेल तेव्हा पिक्चरचा आवाज बारीक ठेवायचा, आणि स्वतः पडद्याच्या बाजूला उभं राहून माईकवर गोष्ट मराठीत सांगायची. गाणं आलं की आपण गप्प, मशीन पूर्ण उघडी.

त्यांची गोष्ट आणि पडद्यावरची गोष्ट ह्यांचा मेळ मला तरी कधी दिसला नाही. कापसाच्या शेतातली काळी बाई पडद्यावर आली की काका सांगत, "ही तिची आई. वीटभट्टीवर आहे. पोरगी बापाबरोबर पहिल्यांदा गायली ती भट्टीवरच." चर्चचं विहार व्हायचं, लांबलचक बसचा टेम्पो व्हायचा. पडद्यावर पुरुष गात असला तरी काकांच्या गोष्टीत कुठूनतरी एक बाई यायची, सगळ्यात मोठा आवाज तिचाच. लोकांना हे फार आवडायचं. काचेमागचा माणूस दिसला की अख्खा हॉल काकांच्या आधी ओरडायचा, "गाढव!"

दाराजवळच्या खुर्चीवर एक म्हातारी यायची. कॅम्प पाचहून रिक्षा करून यायची, मे महिन्यातसुद्धा गळ्याला मफलर. कुणाशी बोलत नसे. पिक्चर बंद झाला की लोक उठायच्या आत निघून जायची. ती कोण, हे मी कधी विचारलं नाही.

मी मनातल्या मनात हसायचो, हे कबूल करतो. दिवसभर एकेका शब्दासाठी झटणारा माणूस मी, आणि इथे काका दोन तासांची गोष्ट खुशाल उलटी सांगत होते. एकदा मला वाटलं, आपण ह्या लोकांना खरी गोष्ट दिली पाहिजे. काकांनाही बरं पडेल, सारखं उभं राहावं लागणार नाही. म्हणून एका गायिकेवरचा पिक्चर घेऊन त्याच्या सगळ्या ओळी मी घरी बसून मराठीत लिहिल्या, पेन ड्राइव्हमध्ये घातल्या आणि कुणाला काही बोललो नाही. भेट म्हणून.

त्या रविवारी पिक्चर सुरू झाला आणि खाली मराठी अक्षरं उमटली. हॉलमध्ये कुजबुज झाली, एकाने टाळ्यासुद्धा वाजवल्या. काका पडद्याच्या बाजूला उभे, त्यांना अक्षरं दिसत नव्हती. ते नेहमीसारखे सांगत राहिले. थोडा वेळ लोक दोन्ही ऐकत-वाचत राहिले, मग पुढची पोरं खिदळायला लागली. मी तेव्हाच उठून बंद करायला हवं होतं. मी बसून राहिलो.

मग तो प्रसंग आला. गायिका स्टेजवर धडपडते, माईकचा दांडा धरते, आवाज फुटत नाही.

काका सांगत होते, "ताप आहे तिला. अंग भाजतंय. पण लोक लांबून चालत आलेत, म्हणून उभी राहिली आहे."

खाली मी लिहिलं होतं: ती आज पुन्हा पिऊन आली आहे.

"ओ काका!" पुढून एक पोरगा ओरडला. "ताप कसला डोंबलाचा! टाईट आहे ती! खाली वाचा ना!"

हॉल हसला. काका पडद्यासमोर आले आणि त्यांनी ती ओळ वाचली. पडद्याचा उजेड त्यांच्या शर्टावर पडला होता. माईकवरच म्हणाले, "नाही. ती पीत नव्हती."

"मग लिहिणारा येडा आहे काय?" दुसरा म्हणाला. आता सगळे माझ्याकडे बघायला लागले.

काका खुर्च्यांमधून माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी चालू माईक माझ्या हातात दिला.

"तू सांग, साईं. पीत होती ती?"

माईक देऊन ते माझ्या खुर्चीशीच उभे राहिले.

"हो, काका," मी म्हणालो. माझा आवाज चारी बाजूंनी माझ्याकडे परत आला. "पिक्चरमध्ये तसंच आहे. ती प्यायची, आणि त्यातच तिचा आवाज गेला."

हशा पिकला. दाराजवळ खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी वळलो तेव्हा म्हातारी मफलर सारखा करत बाहेर पडत होती.

काकांनी पिक्चर बंद केला नाही. ते लोकांमध्ये, एका रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले. मी त्यांना असं समोर बसलेलं पहिल्यांदाच बघत होतो. पिक्चर पुरा झाला, काळ्या पडद्यावर पाटी आली, आणि पोरांनी ती एका सुरात मोठ्याने वाचली. निघताना लोक माझ्या पाठीवर थाप मारून गेले. वर्षानुवर्षं माणसं माझं लिहिलेलं वाचत होती, पण वाचतानाचे त्यांचे चेहरे मी कधी बघितले नव्हते. त्या दिवशी बघितले, आणि मला बरं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण खरं आहे.

पुढच्या महिन्यात काका हॉलवर आले नाहीत. मी बोलवायला खाली गेलो तर सोल्डरिंगचं सामान आवरत म्हणाले, "आता वाचता येतं ना सगळ्यांना. माझं काय काम?" रागात नाही, अगदी साधेपणाने. मोटर बिघडली की वर यायचे, पण लॅपटॉप चालू असला तरी दारात थांबत नसत. मी दोन-तीनदा नवा पिक्चर दाखवायचं बोललो. "बघू," म्हणायचे. माफी मागावी असं मला कधी कधी वाटायचं. पण कशाची? तिथे येऊन मी अडायचो. लिहिलेलं बरोबर होतं.

मग माझं लग्न झालं, बदलापूरला हेंद्रेपाड्यात मी घर घेतलं. काका-काकू घर बघायला आले. काका हॉलच्या मधोमध उभे राहिले. मी बायकोला आधीच सांगून ठेवलं होतं, बघ आता काय करतात. आम्ही दोघं वाट बघत राहिलो. काकांचे हात पाठीमागे होते, ते त्यांनी पुढे आणले नाहीत. "चांगलं आहे," म्हणाले, आणि चहा मागितला.

त्यानंतर दीड-दोन वर्षांत ते गेले. दुकानातच बसल्या जागी. शेठने फोन केला.

पुण्यानुमोदनाला मी गेलो. माणसं जेवून गेल्यावर काकूंनी मला आत बोलावलं. ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"तुला काय वाटलं होतं रे," त्या म्हणाल्या, "हे गोऱ्यांची गोष्ट सांगत होते?"

"मग कोणाची?" मी विचारलं.

"ती मफलरवाली. ह्यांच्या पार्टीची गायिका होती ती. काय आवाज होता बाईचा. बदलापूरच्या पुढे एका गावात विहाराचं उद्घाटन होतं. भर उन्हाळा, आणि बाईच्या अंगात ताप. पहिल्याच गाण्याला ह्यांची मशीन जळाली. निघताना मी म्हटलं होतं, दुसरी बरोबर घ्या. टेम्पोत जागा नाही म्हणाले. लोक लांबून आलेले. बाई म्हणाली, असू दे, मी अशीच गाते. दुपारभर गायली, उघड्या मैदानात, बिनामाईकची. शेवटी तोंडातून नुसता वारा यायला लागला. तो आवाज मग परत आला नाही."

"आणि पिण्याचं?"

"ते पार्टीतल्यांनीच उठवलं. नवीन गाणारी आणायची होती ना. बाईमाणूस स्टेजवर उभी राहणारी, लोकांनाही पटायला वेळ लागला नाही. पिते म्हणून आवाज गेला, झालं."

"काका काही बोलले नाहीत?"

"बोलले असते तर मशीन जळाल्याचं सांगावं लागलं असतं. पुढची कामं गेली असती. घाबरले. जन्मभर घाबरले." काकूंनी पदराने ओटा पुसल्यासारखं केलं. "म्हातारपणी तुझे पिक्चर मिळाले. त्यात कुणाचं नाव घ्यावं लागत नव्हतं. मीच तिला जाऊन सांगितलं, ये ऐकायला. तर यायला लागली. दर वेळी हे घरी येऊन विचारायचे, आली होती का गं?"

काचेमागच्या माणसाला ते गाढव का म्हणायचे, हे मला तिथे, त्या ओट्याजवळ उभं असताना कळलं. आम्ही सगळे मिळून ओरडायचो तेव्हा ते हसत नसत, हेही तेव्हाच आठवलं.

त्यांच्याकडे मी माफी मागू शकत नव्हतो. पण एक माणूस उरलं होतं. तिच्याकडे जायलाही मी बरेच महिने लावले. काकूंकडून पत्ता घेतला, तो पाकिटात ठेवून फिरलो.

कॅम्प पाचमध्ये ती भाचीकडे राहत होती. खोलीत जीन्सचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. भाची शिलाई मशीनवर, आणि म्हातारी खाली बसून तयार पँटींचे लोंबणारे धागे कात्रीने कापत होती. मी ओळख सांगितली. तिने कात्री थांबवली नाही.

"मावशी, माझं चुकलं," मी म्हणालो. "त्या दिवशी मी..."

"तू बरोबरच लिहिलं होतंस." आवाज म्हणजे नुसती फुंकर, मला पुढे वाकावं लागलं. भाचीने शिलाई थांबवली. "पिक्चरमधली पीतच होती. बाटली दिसत होती की मला."

"मग तुम्ही उठलात का?"

"लोक हसले तेव्हा तो माझ्याकडे वळणार होता. त्याने बघितलं असतं तर सगळ्यांनी बघितलं असतं. म्हणून आधीच उठले." तिने एक पँट बाजूला टाकली, दुसरी घेतली. "भित्रा होता फार. मशीन काय, जळतेच. दर महिन्याला माफी मागायचा, पडद्याच्या आडून. मी ऐकायला जायचे. सांगायचा मात्र चांगलं. वीटभट्टीचं तर मीच विसरले होते."

मग म्हणाली, "तो पिक्चर अर्धाच राहिला त्याच्या तोंडून. तू सांग."

मी सांगितला. पडदा नाही, माईक नाही. काकांनी जिथे सोडला होता तिथून, काकांसारखाच. तिला ताप होता. लोक लांबून आले होते. मशीन जळाली. ती अशीच गायली. मग बरीच वर्षं गेली, आणि ती पुन्हा स्टेजवर आली, लोक उभे राहिले. इथे मी थांबलो.

"पाटी?" ती म्हणाली.

"काका पाटी येऊ द्यायचे नाहीत."

"तो नाही द्यायचा. आता येऊ दे."

मी तोंड उघडलं, तर तिने कात्री वर केली.

"इथे नको. मला काय सांगतोस, मला माहिती आहे. जिथे ती पीत होती म्हणालास तिथे वाच."

पुढच्या पौर्णिमेला मी अंबरनाथला विहारात गेलो. वंदना झाली. काकू पुढे बसल्या होत्या. म्हातारी दाराजवळच्या खुर्चीवर होती, मफलर लावून, बाजूला भाची. त्या दिवशी हसलेली काही पोरं आता बाप्ये झाली होती, तीही होती. मी माईक मागून घेतला. बोलण्याआधी, का कोण जाणे, एक टाळी वाजवली. हॉल भरलेला होता, घुमला नाही.

मी तिचं पूर्ण नाव घेतलं. गाव घेतलं. मग म्हणालो:

"ह्या बाई गायच्या. त्या कधीही दारू प्यायल्या नाहीत. एका उन्हाळ्यात मशीन जळाली, आणि अंगात ताप असताना त्या दुपारभर बिनामाईकच्या गायल्या. त्यात त्यांचा आवाज गेला. मशीनवर बसलेल्या माणसाला हे सांगायला उशीर झाला, पण तो इथे, ह्याच जागी, तुम्हाला सांगत होता. मध्येच त्याच्या हातातला माईक घेऊन एकजण म्हणाला, ती पीत होती. तो मी. मावशी, मला माफ करा. काका, मला माफ करा."